डोंगरगडची बमलेश्वरी : चढण्यापूर्वी उतरण्याचा विचार

रायपूरहून नागपूरच्या दिशेने निघालेली गाडी दुर्ग आणि राजनांदगाव ही स्थानके मागे टाकून सुमारे शंभर किलोमीटरवरील डोंगरगड स्थानकात पोहोचते, तेव्हा माँ बमलेश्वरीचा डोंगर स्थानकाच्या परिसरातूनच दृष्टीस पडतो. चैत्र आणि आश्विन या दोन्ही नवरात्रांत या छोट्या स्थानकावर छत्तीसगड, विदर्भ आणि मध्य प्रदेशातील भाविकांची रीघ लागते. एरवी येथे न थांबणाऱ्या काही एक्स्प्रेस गाड्यांना त्या दिवसांपुरता तात्पुरता थांबा देण्यात येतो, तर काही लोकल गाड्या डोंगरगडपर्यंत वाढविण्यात येतात. आश्विनातील नवरात्रास छत्तीसगडमध्ये ‘क्वांर नवरात्र’ म्हणतात आणि देवीला आपलेपणाने ‘बमलाई दाई’ असे संबोधतात.

महाराष्ट्रातील वाचकास हे नाव परके वाटण्याचे कारण नाही. डोंगर हा शब्द छत्तीसगडी भाषेतही त्याच अर्थाने नांदतो. गोंदियाहून निघालेली गाडी आमगाव, सालेकसा, दरेकसा ही गोंदिया जिल्ह्यातील स्थानके ओलांडते, दरेकशाजवळचा बोगदा पार करते आणि बोरतलाव, पनियाजोब असे करीत डोंगरगडला येते. हे अंतर सुमारे सत्तर किलोमीटरचे आहे. नागपूरहून ते दोनशे किलोमीटरच्या आसपास भरते. डोंगरगड स्थानक आजही दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात मोडते.

डोंगरमाथ्यावरील मंदिर ‘बडी बमलेश्वरी’ आणि पायथ्याचे मंदिर ‘छोटी बमलेश्वरी’ म्हणून ओळखले जाते. वरच्या मंदिराच्या स्थापनेचा संबंध लोककथेत कामावती नगरीचा राजा वीरसेन याच्याशी जोडला जातो. पुढे त्याच वंशातील राजा कामसेन याच्या दरबारातील नर्तकी कामकंदला आणि संगीतज्ञ माधवानल यांची प्रेमकथा येते आणि तिच्या अखेरीस उज्जैनचा विक्रमादित्य अवतरतो. हा इतिहास नव्हे, आख्यान आहे. मात्र पायथ्याच्या तलावाला कामकंदलेचे नाव देऊन गावाने ते जपले आहे.

प्रथमच जाणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो तो उंचीचा. माहितीपत्रकांतून आणि फलकांवरून हा डोंगर १६०० फूट उंच असल्याचे सांगितले जाते, तर पायऱ्यांची संख्या हजार ते अकराशेच्या दरम्यान दिली जाते. हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवले की मात्र हिशेब जुळत नाही. हजार-अकराशे पायऱ्यांत १६०० फूट चढावयाचे तर प्रत्येक पायरी दीड फूट उंच असावी लागेल. पायरी साधारण अर्ध्या फुटाची धरली तर प्रत्यक्ष चढ पाच ते सहाशे फुटांचा भरतो. अर्थात १६०० फुटांचा आकडा समुद्रसपाटीपासूनचा मानला तरच तो पटतो. हा खुलासा धीर देणारा आहे, पण पाच-सहाशे फूट म्हणजेही सुमारे पन्नास मजली इमारत जिन्याने चढण्यासारखे आहे, याचा विसर पडू नये. हृदयविकार, दमा वा गुडघ्याचे दुखणे असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ला घेऊनच हा चढ अंगावर घ्यावा. चढताना दम लागतो तो छातीला, आणि उतरताना भार येतो तो गुडघ्यांवर. चढण निभावली म्हणून उतरणही निभावेल, असे गृहीत धरता येत नाही.

पायऱ्यांना पर्याय म्हणून येथे रज्जुमार्गाची, म्हणजेच रोप-वेची सोय आहे. ज्येष्ठ नागरिक, अपंग व्यक्ती आणि लहान मुले सोबत असलेली कुटुंबे प्रामुख्याने त्यावरच विसंबून असतात. येथेच नियोजनाचा खरा प्रश्न उपस्थित होतो.

रोप-वेची वाहतूक क्षमता यंत्राने ठरविलेली असते. यात्रेकरू दसपट झाले म्हणून ती दसपट होत नाही. उदाहरणादाखल, एखादा रोप-वे तासाला तीनशे माणसे वर नेतो असे मानले, तर बारा तास अखंड चालूनही त्याने ३६०० माणसे जातील. ज्या दिवशी गर्दी याच्या अनेक पटींनी असते, त्या दिवशी उरलेल्यांना पायऱ्यांवाचून गत्यंतर नसते. शिवाय जोराचा वारा, वीज-वादळ, विद्युतपुरवठ्यातील खंड किंवा देखभालीचे काम यांपैकी कोणत्याही कारणाने सेवा थांबविली जाऊ शकते. ती सकाळी सुरू होती, म्हणून सायंकाळीही असेलच असे नाही. सकाळी पाळण्यात बसून वर गेलेल्या आजोबांपुढे मग हजार पायऱ्या उभ्या राहतात.

ही भीती केवळ तर्कावर आधारलेली नाही. २५ एप्रिल २०२५ रोजी डोंगरगड येथे रोप-वेची एक ट्रॉली स्थानकाजवळ मार्गावरून घसरून उलटली आणि तिच्यातील प्रवासी जखमी झाले. तत्पूर्वी २०२१ मध्ये याच डोंगरावर सामान वाहून नेणाऱ्या ट्रॉलीच्या अपघातात एका कामगाराचा मृत्यू झाला होता. झारखंडमधील देवघरजवळच्या त्रिकूट पर्वतावर १० एप्रिल २०२२ रोजी, रामनवमीच्या दिवशी, रोप-वे बंद पडला तेव्हा प्रवासी ४० तासांहून अधिक काळ पाळण्यांत अडकून पडले होते. वायुदलाच्या हेलिकॉप्टरांनी त्यांना बाहेर काढले. तथापि या दुर्घटनेत तिघांनी प्राण गमावले. गुजरातमधील पावागढ येथे जानेवारी २००३ मध्ये प्रवासी रोप-वेला, आणि ६ सप्टेंबर २०२५ रोजी बांधकामाचे साहित्य नेणाऱ्या रोप-वेला अपघात झाला. नंतरच्या अपघातात सहा जणांचा बळी गेला. सामानाच्या ट्रॉलीत माणसाने बसू नये, हा नियम साधा आहे. तो मोडण्याची किंमत मात्र जीव देऊन चुकवावी लागते.

याचा अर्थ रोप-वे टाळावा असा नव्हे. रोज असंख्य माणसे त्याने सुखरूप ये-जा करतात आणि चालू न शकणाऱ्यांसाठी दर्शनाची दुसरी वाट नाही. घरातून निघण्यापूर्वी एवढेच ठरवावे, की रोप-वे अचानक बंद झाला तर सोबतची वयस्क व्यक्ती कोणाच्या आधाराने का होईना, पायऱ्या उतरू शकेल काय? उत्तर नकारार्थी असेल तर नवरात्राचे दिवस टाळून एरवीच्या एखाद्या साध्या दिवशी, सकाळी, सेवा सुरू असल्याची खात्री करून यावे. तेही शक्य नसेल, तर पायथ्याच्या छोट्या बमलेश्वरीचे दर्शन आहेच. तेथे चढ नाही, आणि डोंगरावर न जाऊ शकलेले कित्येक भाविक तेथेच माथा टेकतात.

पायऱ्यांनी जाणाऱ्यांसमोरचा धोका निराळा आहे. तो उंचीपेक्षा गर्दीचा आहे. सातारा जिल्ह्यातील मांढरदेव येथे काळूबाईच्या यात्रेत २५ जानेवारी २००५ रोजी झालेली चेंगराचेंगरी महाराष्ट्र विसरलेला नाही. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट आणि त्यात दुकानांना लागलेली आग यांमुळे सुमारे तीनशे भाविक मृत्युमुखी पडले. हिमाचल प्रदेशातील नैनादेवी येथे ऑगस्ट २००८ मध्ये दरड कोसळल्याची अफवा पसरली आणि शंभराहून अधिक जणांचा अंत झाला. हरिद्वारच्या मनसादेवी मंदिराच्या पायऱ्यांवर २७ जुलै २०२५ रोजी वीजप्रवाह उतरल्याच्या अफवेने गोंधळ उडाला आणि आठ जण दगावले. तिन्ही ठिकाणी मंदिर उंचावर होते आणि वाट चिंचोळी. सपाट मैदानावर धक्का बसलेला माणूस बाजूला सरकू शकतो. पायऱ्यांवर तो खालच्या माणसावर पडतो, तो आणखी खालच्यावर.

म्हणून चढताना कठड्याच्या बाजूने चालणे, उतरणाऱ्यांची वाट न अडविणे, मध्येच थांबून छायाचित्रे न काढणे आणि ओरडा ऐकू आला तरी धावत न सुटणे, या गोष्टी शिष्टाचाराच्या नसून जिवाच्या आहेत. लहान मुलाच्या खिशात पालकांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. गर्दीच्या दिवशी भ्रमणध्वनीची सेवा कोलमडण्याची शक्यता गृहीत धरून चुकामूक झाल्यास कोठे भेटावयाचे ते आधीच निश्चित करावे. छोट्या बमलेश्वरीचे मंदिर त्यासाठी सोयीचे आहे, कारण ते कोणीही दाखवू शकतो.

दिवस कोणता निवडावा, हे भाविकाच्या हेतूवर अवलंबून आहे. नवरात्रात हजारो ‘मनोकामना ज्योती’ प्रज्वलित केल्या जातात. राजनांदगाव, दुर्ग, भिलाई आणि थेट रायपूरहूनही भाविक पायी निघतात. रस्त्याच्या कडेने सेवा-मंडप उभे राहतात, चहा-फराळापासून पायांना मालिश करण्यापर्यंतची सेवा अनोळखी माणसे करतात आणि जसगीतांचे सूर रात्रभर ऐकू येतात. पंढरीची वारी पाहिलेल्या मराठी माणसास हे दृश्य ओळखीचे वाटेल. ज्याला ते अनुभवावयाचे आहे, त्याने गर्दी पत्करूनच यावे; मात्र शक्यतो नवरात्राच्या प्रारंभीच्या दिवसांत यावे आणि पंचमी व अष्टमीचा जोर टाळावा. ज्यास केवळ शांत दर्शन आणि माथ्यावरून दिसणारा तलाव, वनराई व रेल्वेमार्ग यांचा देखावा हवा आहे, त्याच्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. चैत्र नवरात्र मार्च-एप्रिलमध्ये येते. त्या सुमारास छत्तीसगडच्या मैदानी भागात पारा ४० अंशांकडे झुकलेला असतो, तेव्हा सकाळी अकरानंतर चढाई सुरू करणे शहाणपणाचे नाही. पावसाळ्यात डोंगर हिरवागार होतो, पण पायऱ्या निसरड्या होतात.

पदयात्रींनी आणि त्यांच्या शेजारून वाहने हाकणाऱ्यांनी आणखी एक दक्षता घ्यावी. राजनांदगावहून येणारी वाट काही अंतर राष्ट्रीय महामार्ग ५३ वरून जाते आणि तुमडीबोडजवळ डोंगरगडकडे वळते. या महामार्गावर जड वाहनांची वर्दळ अहोरात्र असते. रात्री चालणाऱ्यांनी फिक्या रंगाचे कपडे घालावेत, विजेरी बाळगावी आणि रस्त्याची कड सोडू नये. नागपूरहून मोटारीने येणाऱ्यांना भंडारा, साकोली, देवरी असे करीत बागनदीजवळ राज्याची सीमा ओलांडावी लागते. पुढे चिचोला येथून डोंगरगडचा फाटा फुटतो. विमानाने येणाऱ्यांसाठी रायपूरचा स्वामी विवेकानंद विमानतळ जवळचा. तरीही सर्व पर्यायांत रेल्वेच सरस ठरते, कारण स्थानकापासून पायथा जवळ आहे आणि यात्रेच्या दिवसांत मोटारी बऱ्याच आधी अडविल्या जातात.

मंदिर परिसराच्या विकासासाठी केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने २०२०-२१ मध्ये आपल्या ‘प्रसाद’ योजनेत डोंगरगडचा समावेश केला असून तीत यात्रेकरूंसाठी श्रीयंत्राच्या आकाराचे सुविधा केंद्र योजण्यात आले आहे. गावाची ओळख केवळ देवीपुरती नाही. येथील प्रज्ञागिरी टेकडीवर भगवान बुद्धांची भव्य मूर्ती असून विदर्भातील बौद्ध बांधव तेथे मोठ्या संख्येने येतात. चंद्रगिरी येथे जैन तीर्थ आहे. मूळचे बेळगाव जिल्ह्यातील सदलगा येथील आचार्य विद्यासागर महाराज यांनी १८ फेब्रुवारी २०२४ रोजी तेथेच सल्लेखनापूर्वक देह ठेवला. ज्यांचे गुडघे एकाच डोंगराची परवानगी देतात, त्यांनी तिन्ही ठिकाणे एका दिवसात उरकण्याचा हट्ट धरू नये.

डोंगरगडमध्ये निवासाची सोय मर्यादित असून नवरात्रात खोली मिळणे दुरापास्त होते. त्यामुळे अनेक जण राजनांदगाव किंवा रायपूर येथे मुक्काम करून सकाळच्या गाडीने येतात. राजनांदगावला थांबणाऱ्या साहित्यप्रेमींनी दिग्विजय महाविद्यालयाच्या परिसरात अवश्य जावे. मराठी घरात जन्मलेले आणि हिंदी कवितेचे युगप्रवर्तक ठरलेले गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून तेथे अध्यापन करीत होते आणि त्यांचे स्मारकही तेथेच आहे.

परतीच्या गाडीचे नियोजन करताना दर्शनाच्या वेळेत निदान दोन तासांची भर घालून ठेवावी. सायंकाळी डोंगर उतरलेला जमाव एकाच वेळी स्थानकावर येतो आणि फलाट भरून जातो. गाडी शिरत असताना डब्याकडे धाव घेण्यापेक्षा पुढील गाडीची वाट पाहावी. फलाट बदलावयाचा असल्यास रूळ ओलांडू नयेत, पादचारी पुलाचाच वापर करावा. मुंबई-हावडा हा प्रमुख मार्ग असल्याने येथून न थांबणाऱ्या गाड्या आणि मालगाड्या वेगाने धावत असतात. तात्पुरत्या थांब्यांची आणि वाढीव गाड्यांची यादी रेल्वे प्रशासन प्रत्येक नवरात्रापूर्वी नव्याने जाहीर करते, त्यामुळे मागील वर्षीच्या वेळापत्रकावर विसंबून निघू नये.