पावलांची लिपी

पोर्ट लुईच्या प्लास द आर्ममध्ये बंदराकडे तोंड करून उभा असलेला माहे द लाबुर्दोने याचा पुतळा आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याचे वर्ष आपण शाळेत पाठ केले : १७३५. त्या वर्षी तो गव्हर्नर म्हणून या बेटावर उतरला. बेटाचे नाव तेव्हा इल द फ्रान्स होते. बंदर, रुग्णालय, पाण्याचा पाट अशी कामे त्याच्या काळात उभी राहिली, असे आपण पुस्तकात वाचतो. त्या कामांत मादागास्कर, आफ्रिकेचा किनारा आणि हिंदुस्थान येथून आणलेल्या गुलामांचे हात राबले, हेही आज आपल्या मुलांना शिकवले जाते.

आता त्याच वर्षातली दुसरी एक गोष्ट पाहू या. २३ ऑगस्ट १७३५ रोजी पॅरिसच्या ऑपेरागृहात झाँ-फिलीप रामो या संगीतकाराचा नवा खेळ लागला. नाव होते 'ले झांद गालान्त'. गाणे आणि नाच यांचा तो ऑपेरा-बॅले. प्रस्तावना संपली की पहिला प्रवेश सुरू होतो, आणि तो कोठे घडतो? हिंदी महासागरातल्या एका बेटावर!

बेटाचा धनी उस्मान पाशा नावाचा तुर्क. त्याच्या पदरी एमिली ही फ्रेंच मुलगी गुलाम आहे. तिला चाच्यांनी पळवून आणले आहे. पाशाचा तिच्यावर जीव जडला आहे, पण तिचे मन आपल्या प्रियकरात, वालेरमध्ये गुंतलेले. समुद्रात वादळ होते, जहाज फुटते आणि किनाऱ्याला लागलेला वालेरही पाशाचा गुलाम होतो. शेवटी पाशा त्याला ओळखतो. एके काळी पाशा स्वतःच गुलाम होता आणि याच वालेरने त्याला मुक्त केले होते. उपकाराची फेड म्हणून पाशा दोघांना सोडतो, भेटवस्तूंनी भरलेली जहाजे देतो आणि सगळीकडे नाच सुरू होतो. त्या नाचांतल्या एका तुकड्याचे नावच 'आफ्रिकी गुलामांसाठी चाल' असे आहे.

वाचकहो, हे चित्र क्षणभर डोळ्यांपुढे आणा. पॅरिसच्या रंगमंचावर मेणबत्त्यांच्या उजेडात उंची पोशाख घातलेले नर्तक हिंदी महासागरातल्या बेटावरचे गुलाम झाले होते. त्याच दिवसांत हिंदी महासागरातल्या खऱ्या बेटावर खरे गुलाम राबत होते. त्यांना सोडणारा उदार पाशा कोणी नव्हता. त्यांची सुटका व्हायला १ फेब्रुवारी १८३५ उजाडावा लागला. मध्ये शंभर वर्षे गेली.

त्या काळचे फ्रेंच नाच आज युरोप-अमेरिकेत पुन्हा नाचले जातात. पोशाख जुन्या धर्तीचे, वाद्ये जुन्या धर्तीची, पावलेही जुनी. जी पावले टाकणारा शेवटचा माणूस कधीच मरून गेला, ती पावले परत आली कशी? ती हकीकत ऐकण्यासारखी आहे.

राजा नाचतो

युरोपात साधारण १६०० ते १७५० या दीडशे वर्षांच्या संगीताला 'बरोक' म्हणतात. फ्रान्समध्ये या काळात नाचाला जो मान होता त्याला तोड नाही. २३ फेब्रुवारी १६५३ रोजी पॅरिसमध्ये 'रात्रीचा बॅले' नावाचा खेळ रात्रभर चालला. त्यात १४ वर्षांचा राजा लुई चौदावा उगवता सूर्य होऊन नाचला. अंगावर सोनेरी किरणे, डोक्यावर पिसांचा तुरा. पॅरिसमधले सरदारांचे बंड नुकतेच शमले होते. सूर्य कोण आणि त्याच्याभोवती फिरायचे कोणी, हे तोंडाने न सांगता सर्वांना समजले. पुढे १६६१ मध्ये याच राजाने नृत्याची अकादमी स्थापन केली.

दरबारी समारंभात एका वेळी एकच जोडी नाचे आणि सगळा दरबार पाहत बसे. चूक झाली तर ती झाकायला जागा नसे. ड्यूक द सँ-सिमों याने आपल्या आठवणींत १६९२ सालची एक हकीकत लिहून ठेवली आहे. एका तरुणाने आपण उत्तम नाचतो अशी बढाई मारली होती. सुरुवातीलाच त्याचा ताल चुकला. ते लपवण्यासाठी तो आणखी ऐट करू लागला, तसा दरबार हसून हसून लोटपोट झाला. पुढे बरेच दिवस बिचाऱ्याने तोंड दाखवले नाही. नाचणे ही तेथे करमणूक होती, तशी ती परीक्षाही होती.

कागदावरचे पाऊल

परीक्षा आली की अभ्यासाचे पुस्तक हवेच. १७०० मध्ये राउल-ऑजे फय्ये या नृत्यशिक्षकाने 'कोरेग्राफी' नावाचे पुस्तक छापले. नाच लिहून ठेवण्याची लिपी त्यात शिकवली होती. ही लिपी मुळात माझी, अशी तक्रार राजाचा नृत्यगुरू पियेर बोशां याने केली. बॅलेत आजही शिकवल्या जाणाऱ्या पायांच्या पाच स्थितींची व्यवस्था याच बोशांने लावली, असे मानतात.

ही लिपी मोठी गमतीची आहे. कागदाचे पान म्हणजेच नाचाचे दालन. पानाच्या माथ्यावर त्या नाचाची स्वरलिपी. खाली एक रेघ वळणे घेत जाते. नर्तकाने जमिनीवर कोणत्या वाटेने जायचे, ते ही रेघ दाखवते. रेघेवर ठरावीक अंतराने आडव्या खुणा असतात. एक खूण म्हणजे संगीतातला एक विभाग. रेघेच्या दोन्ही बाजूंना पावलांची चिन्हे, आणि प्रत्येक चिन्हावर बारीक फाटे. एक फाटा सांगतो गुडघा वाकवा, दुसरा सांगतो चवड्यांवर उठा, तिसरा सांगतो उडी घ्या. घसरत जायचे कोठे आणि वळायचे कोठे, त्याच्याही खुणा आहेत.

या लिपीमुळे पॅरिसचा नवा नाच दूरच्या गावातल्या शिक्षकाला पुस्तकावरून शिकवता येऊ लागला. १७०६ मध्ये जॉन वीव्हरने पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर केले. आज या लिपीत लिहिलेले तीनशेहून अधिक नाच उपलब्ध आहेत.

त्या काळचा सर्वांत आवडता नाच म्हणजे मेनुए. ज्यांनी तबला शिकला आहे त्यांना त्याचा हिशेब लगेच कळेल. तीन-तीन मात्रांचे दोन विभाग, म्हणजे दादऱ्यासारख्या सहा मात्रा, आणि तेवढ्यात पावले फक्त चार! संगीत तीन-तीन मोजते आणि पाय सहा मात्रांत चार पावले बसवतात. दिसायला हा नाच अगदी सोपा आणि शांत. करायला गेले की घाम फुटतो.

पोशाख हाच गुरू

पण लिपीत सगळे मावत नाही. मान किती ताठ, हात किती उंच, श्वास कोठे घ्यायचा? पियेर रामो नावाच्या दुसऱ्या एका शिक्षकाने १७२५ मध्ये 'ल मेत्र आ दान्से' हे पुस्तक लिहून नमस्कार कसा करावा, टोपी कशी काढावी, हात कसे फिरवावेत, हे सविस्तर सांगितले. तरीही काही गोष्टी केवळ पोशाखच शिकवू शकतो.

बायकांच्या चोळीत देवमाशाच्या तोंडातल्या चिवट पट्ट्या शिवलेल्या असत. पाठीला कण्यासारखा दुसरा कणा. कंबरेतून वाकणे जवळजवळ अशक्य. १७२०च्या सुमारास घागऱ्याखाली दोन्ही बाजूंना फुगवटा देणारे सांगाडे आले. रंगमंचावरच्या पुरुषांनाही ताठ घेराचा आखूड झगा घालावा लागे. टाचांचे बूट स्त्री-पुरुष दोघांच्याही पायात. शिवाय खांदे मागे ओढून धरणारी शिवण. अशा पोशाखात हात आकाशाकडे फेकता येत नाहीत. म्हणून मनगट आणि कोपर गोल फिरवून सगळा भाव दाखवायचा, आणि कमाल करायची ती पावलांनी.

आपल्या घरचेच उदाहरण घ्या. काष्टा नेसलेली बाई फेर धरते तेव्हा तिचे पाऊल एका तऱ्हेने पडते. तीच बाई गाऊन घालून नाचली तर पाऊल बदलते. मुद्दाम शिकवावे लागत नाही, वस्त्रच शिकवते. म्हणूनच जुन्या नाचाचा खरा अभ्यास करणारे नर्तक तालमीतसुद्धा चोळी आणि टाचांचे बूट घालतात. नुसता जरीचा कोट भाड्याने आणून फिरणे हा फॅन्सी ड्रेस झाला. त्यात पाऊल शिकलेले नसते.

वस्त्राचा हा जुलूम सर्वांनीच मुकाट्याने सोसला असे नाही. मारी साले या नर्तकीने १७३४ मध्ये लंडनला तो सांगाडा टाकून दिला आणि साधा मलमलीचा झगा घालून, केस मोकळे सोडून ती नाचली. पुढच्याच वर्षी रामोच्या त्या खेळातल्या फुलांच्या नाचात ती गुलाब झाली होती.

संगीताचेही तसेच. आतड्याच्या तारा लावलेले व्हायोलिन, लाकडी बासरी, पिसाच्या टोकाने तार छेडणारे क्लाव्हसँ. स्वर आजच्यापेक्षा निदान अर्धा सूर खाली. नाचणाऱ्याला वाकायला आणि उठायला किती वेळ लागतो हे समोर दिसू लागले, तेव्हा जुन्या मेनुएची लय किती ठेवावी याची वादकांनाही नवी समज आली.

झोपेतून उठलेला नाच

फ्रेंच राज्यक्रांती १७८९ मध्ये झाली. राजेशाही गेली आणि तिच्याबरोबर तिचे नाचही गेले. पुस्तके मात्र ग्रंथालयांत पडून राहिली. विसाव्या शतकात काही चिकाटीच्या माणसांनी ती उघडून अक्षरे लावायला सुरुवात केली. यांत स्त्रिया पुढे होत्या. इंग्रजी भाषेत वेंडी हिल्टन यांचा ग्रंथ १९८१ मध्ये आला. फ्रान्समध्ये फ्रांसीन लान्सलो यांनी १९८० मध्ये 'रिस ए दान्सरी' हे नृत्यपथक स्थापले आणि पुढे या लिपीतल्या नाचांची मोठी सूचीही तयार केली. अमेरिकेत 'न्यू यॉर्क बरोक डान्स कंपनी' १९७६ पासून काम करू लागली.

खरा चमत्कार १९८७ मध्ये झाला. लुलीचा 'आतिस' हा १६७६ सालचा ऑपेरा पॅरिसच्या ऑपेरा-कोमिकमध्ये रंगला. संगीत विल्यम क्रिस्टी यांच्या 'ले-झार फ्लोरिसां'चे, नाच लान्सलो यांचे, पोशाख लुई चौदाव्याच्या दरबाराच्या धर्तीचे. संग्रहालयातली वस्तू समजून आलेले लोक डोळे पुसत बाहेर पडले. तोच खेळ २०११ मध्ये पुन्हा उभा केला गेला. २००४ मध्ये मोलियेर आणि लुलीचे 'ल बुर्झ्वा झांतिलोम' हे १६७० सालचे नाटक, संगीत आणि नाचांसह, मेणबत्त्यांच्या उजेडात झाले. विजेच्या दिव्यात भडक वाटणारी जर आणि पांढरा रंग लावलेले चेहरे त्या हलत्या ज्योतींत किती शोभतात, हे तेव्हा प्रेक्षकांना कळले.

ज्यांना कागद मिळाला नाही

आता पुन्हा आपल्या बेटाकडे येऊ. बेर्नार्दँ द सँ-पियेर १७६८ मध्ये येथे आला. येथल्या गुलामांना नाच आणि संगीत यांचे वेड आहे, असे त्याने लिहिले आणि भोपळा बांधलेल्या धनुष्यासारख्या एका वाद्याचे वर्णन केले. पण त्यांचे पाऊल कसे पडत होते, हे कोणा फय्येने लिहून ठेवले नाही. खोट्या गुलामांच्या नाचाची चाल पॅरिसमध्ये कागदावर उतरली. खऱ्या गुलामांचा नाच आईकडून मुलीकडे आणि शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे गेला. त्यातूनच सेगा उभा राहिला. राव्हानचे कातडे विस्तवावर तापवून, पाय जमिनीपासून फारसे न उचलता नाचला जाणारा सेगा. भल्या घरांत तो कमी प्रतीचा मानला जाई, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिले आहे. २०१४ मध्ये युनेस्कोने पारंपरिक सेगाला मानवजातीच्या वारशात स्थान दिले. २०१७ मध्ये रॉड्रिग्सच्या सेगा तांबूरलाही दिले.

प्रतिष्ठेचे असेच असते. राजदरबारात अत्यंत गंभीरपणे नाचला जाणारा साराबांद हा नाच मुळात काय होता? १५८३ मध्ये स्पेनमध्ये त्यावर अश्लील म्हणून बंदी घातली गेली होती! शंभर वर्षांत तोच राजाच्या पसंतीस उतरला. आणि २०१९ मध्ये पॅरिसच्या बास्तीय ऑपेरात 'ले झांद गालान्त' पुन्हा झाला, तेव्हा नृत्यरचना बिंतू देंबेले यांनी केली आणि रस्त्यावरच्या नाचांत मुरलेली मुले रामोच्या संगीतावर नाचली. पोशाख जुने नव्हते. ज्यांची नक्कल १७३५ मध्ये इतरांनी केली होती, त्यांच्या वंशातली मुले त्या दिवशी स्वतः रंगमंचावर होती.

पाऊल टिकण्याच्या दोन वाटा या हकीकतीतून दिसतात. एक कागदाची, दुसरी शरीराची. कागदावरचे पाऊल दोनशे वर्षे झोपू शकते, पण ते उठवायला पुन्हा जिवंत माणूस, चोळी, बूट आणि पुष्कळ घाम लागतो. शरीरातले पाऊल झोपत नाही. एका पिढीने ते उचलले नाही तर ते संपते.

गणपतीच्या दिवसांत आपल्या घरी झाकरीचा फेर धरला जातो, तेव्हा मुले फोनवर चित्रण करतात. जरूर करावे, तोही आजचा कागदच आहे. पण चित्रण संपल्यावर फोन खाली ठेवावा आणि आजीच्या मागे फेरात उभे राहावे. तिचे पाऊल जेथे पडते तेथेच आपले टाकून पाहावे.