प्रार्थना कमी पडली म्हणून माणूस खचत नाही

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत रविवारची उपासना संपली की दाराशी विचारपूस होते. एखादी बहीण सांगते, "झोप लागत नाही, प्रार्थनेला बसवत नाही." उत्तर तयारच असते: "विश्वास कमी पडतोय, उपास धरा." पुढच्या रविवारी ती येत नाही.

गैरसमज: खरा विश्वासी खचत नाही.

वस्तुस्थिती: पवित्र शास्त्र असे सांगत नाही. कर्मेल डोंगरावर विजय मिळवलेला एलीया लगेच पुढच्याच अध्यायात रानातल्या झुडपाखाली देवाकडे मरण मागतो (1 राजे 19). देवदूत त्याला दोष देत नाही, प्रवचनही देत नाही. निखाऱ्यांवरची भाकर आणि पाणी पुढे करतो, झोपू देतो, मग पुन्हा उठवून जेवायला सांगतो. देव त्याच्याशी बोलतो ते नंतर, होरेब डोंगरावर. पाळकीय सेवेचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. 88वे स्तोत्र तर अंधारातच संपते, तरी ते स्तोत्रसंहितेत आहे. मदर तेरेसांनीही कित्येक वर्षे अंतरीचा असा अंधार सोसला, हे 2007 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पत्रांतून कळले. 2016 मध्ये त्यांना संतपद मिळाले.

गैरसमज: फादरना सांगितले की सगळीकडे होते.

वस्तुस्थिती: प्रायश्चित्त संस्कारात ऐकलेले धर्मगुरूला कुणालाही, कधीही सांगता येत नाही, सांगितल्यास कॅथलिक चर्च त्याला बहिष्कृत करते. इतर गप्पांना हे बंधन तसेच लागू नाही. तेव्हा पाळकांना आधीच सांगावे, "हे आपल्यातच राहू द्या." आणि कुणाचे दुःख त्याला न विचारता सभेत 'प्रार्थनेचा विषय' म्हणून मांडणे हा अन्यायच आहे.

गैरसमज: डॉक्टरकडे जाणे म्हणजे अविश्वास.

वस्तुस्थिती: नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. पौलाचा सोबती लूक स्वतः वैद्य होता. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय 1901 पासून आहे. तिथे जाणाऱ्याला वेडा ठरवू नका.

गैरसमज: आत्महत्या केलेल्याला ख्रिस्ती दफनविधी मिळत नाही.

वस्तुस्थिती: कॅथलिक चर्चच्या 1917 च्या विधिसंहितेत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यासाठी तशी मनाई होती. 1983 च्या संहितेत ती राहिली नाही. घरच्यांचा शोक आणखी जड करू नये.

पाळकांनो, खचलेल्या माणसाला शास्त्रवचन सांगण्याआधी त्याचे ऐका आणि गरज पडली तर त्याच्यासोबत दवाखान्यात जा. मरणाचे विचार येत असतील, तर टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक रात्रंदिवस सुरू असतो. तिथे मराठीत बोलता येते.