नवी किडनी, जुनं मशीन

किडनी बसवून सर्जन थिएटरबाहेर आले, की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘लघवी सुरू झाली का?’ पेशंट शुद्धीवर आला का, दुखतंय का, हे सगळं नंतर. पुढचे काही दिवस घरातल्या सगळ्यांची नजर खाटेच्या कडेला अडकवलेल्या युरोबॅगवर खिळलेली असते. सिस्टर दर तासाला लघवी मोजून चार्टवर आकडा लिहितात. कुणाच्या चार्टवर तासाला तीनशे-चारशे मिलिलिटर, तर कुणाच्या चार्टवर दहा, पाच, पुन्हा दहा. दोन-तीन दिवसांनी या दुसऱ्या पेशंटला परत डायलिसिसवर घेतात. ज्या मशीनपासून सुटका व्हावी म्हणून एवढा खटाटोप केला, तेच मशीन पुन्हा समोर. घरच्यांचा धीर सुटतो तो इथे. ‘किडनी फेल गेली’ अशी कुजबुज व्हरांड्यात सुरू होते.

बहुतेक वेळा ती फेल गेलेली नसते.

प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात डायलिसिस करावं लागलं, तर डॉक्टर त्याला ‘डिलेड ग्राफ्ट फंक्शन’ म्हणतात. फाइलवर नुसतं ‘डीजीएफ’. अशा किडन्यांपैकी कधीच न चालणाऱ्या मोजक्या असतात. बाकीच्या कुणाच्या आठवड्याभरात, कुणाच्या तीन-चार आठवड्यांनी कामाला लागतात. आई, भाऊ, नवरा-बायको अशा जिवंत दात्याची किडनी असेल तर असा उशीर शंभरात चार-पाच जणांच्याच वाट्याला येतो. मृत दात्याची, म्हणजे वॉर्डाच्या भाषेत ‘कॅडेव्हर’ किडनी असेल, तर अमेरिकेसारख्या देशातही साधारण पाव ते एक तृतीयांश पेशंटना ही वाट पाहावी लागते.

आपल्याकडे या फरकाचा एक वेगळाच जाच होतो. भारतात होणाऱ्या किडनी प्रत्यारोपणांपैकी दहातली जवळजवळ नऊ जिवंत दात्यांकडून होतात. त्यामुळे ओळखीपाळखीत ऐकलेली कहाणी बहुधा ‘टेबलावरच लघवी सुरू झाली’ अशी असते. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला बायकोने किडनी दिलेली असते आणि त्याची पिशवी तासाला रिकामी करावी लागते. कॅडेव्हर किडनी मिळालेल्याच्या घरचे ते पाहतात आणि खचतात. तुलनाच मुळात चुकीची असते, पण ऑपरेशनच्या आधी ते कुणी नीट बसून सांगितलेलं नसतं. संमतीपत्रकावर सही घेताना ‘पुन्हा डायलिसिस लागू शकतं’ हे वाक्य घाईत उरकलं जातं. ते आधी, सावकाश सांगायला पाच मिनिटं लागतात.

मृत दात्याच्या किडनीचे हाल दाता मेंदूमृत होतो तेव्हापासूनच सुरू होतात. रक्तदाब आधी भडकतो, मग कोसळतो. शरीरभर दाहकारक रसायनं उसळतात. पुढे किडनी काढताना ती थंडगार द्रावणाने धुतात, पिशव्यांत बंद करतात आणि बर्फाच्या पेटीत साधारण ४ अंश सेल्सिअसला ठेवतात. थंडीमुळे पेशींची प्राणवायूची गरज दहाएक टक्क्यांवर येते, पण शून्यावर येत नाही. घड्याळ चालूच असतं. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय समन्वय समित्या प्रतीक्षायादीतून नाव काढतात, दात्याच्या पेशी आणि पेशंटचं रक्त जुळतं का ते पाहणारी क्रॉसमॅच होते, गावाकडून रात्रीतून निघालेला पेशंट पोहोचतो, कधी त्यालाच आधी एक डायलिसिस द्यावं लागतं. बातमी होते ती अवयवासाठी रस्ता मोकळा ठेवणाऱ्या ग्रीन कॉरिडॉरची. पोलिसांचं कौतुक योग्यच. पण रस्त्यावर वाचलेल्या मिनिटांपेक्षा लॅब आणि थिएटरमध्ये जाणारे तास अनेकदा जास्त असतात. या थंड काळाचा प्रत्येक वाढीव तास किडनीला उशीर होण्याची शक्यता वाढवतो.

खरी गंमत अशी, की सर्वांत मोठा घाव रक्त परत सुरू होतं तेव्हा बसतो. निरोगी माणसाच्या दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत रक्तात ओढून घेतात. ही परत ओढण्याची कामगिरी सूक्ष्म नलिकांच्या पेशींची. त्यांना अफाट ऊर्जा लागते, म्हणून प्राणवायूच्या उपासमारीत आधी त्याच कोलमडतात. सर्जन क्लॅम्प काढतात, करडी पडलेली किडनी गुलाबी होते, आणि त्याच क्षणी अचानक आलेल्या प्राणवायूतून पेशींना जाळणारे रेणू तयार होतात. मेलेल्या पेशी गळून नलिकेत पडतात आणि तुंबलेल्या मोरीसारखी ती बंद होते. पण या नलिकांपाशी एक दुर्मीळ गुण आहे : वाचलेल्या पेशी विभागतात, उघडी पडलेली भिंत नव्याने झाकतात आणि पुन्हा आपल्या जुन्या कामाला लागतात. पेशंट ज्याची वाट पाहत असतो, ती ही डागडुजी.

हाच आजार माणसाच्या स्वतःच्या किडन्यांनाही होतो. १९४७ साली बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम हॉस्पिटलमध्ये एका तरुणीच्या किडन्या अशाच बंद पडल्या होत्या. डेव्हिड ह्यूम, चार्ल्स हफनागल आणि अर्नेस्ट लँडस्टायनर या तिघा तरुण डॉक्टरांनी मृत दात्याची किडनी तिच्या दंडाच्या रक्तवाहिन्यांना बाहेरूनच जोडली. ऑपरेशन रात्री एका बाजूच्या खोलीत, टेबललॅम्पच्या उजेडात झालं. ती किडनी थोडाच वेळ चालली, पण तेवढ्यात तरुणीच्या स्वतःच्या किडन्या जाग्या झाल्या. आज ती मधली वेळ डायलिसिस निभावून नेतं. त्याच हॉस्पिटलात २३ डिसेंबर १९५४ रोजी जोसेफ मरे यांनी जुळ्या भावाची किडनी भावाला बसवली, तेव्हा लघवी लगेच वाहू लागली. दाता शेजारीच होता. किडनी दीड तासही रक्तावाचून राहिली नव्हती.

वाट पाहणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. लघवी एकदम थांबली तर आधी कॅथेटर सिरिंजने धुऊन पाहतात. रक्ताची गुठळी अडकलेली निघाली तर सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. मग डॉप्लर सोनोग्राफी. नवी किडनी ओटीपोटात, त्वचेखाली फार खोल नसते, त्यामुळे धमनी आणि शीर वाहते आहे का, लघवी बाहेर गळत तर नाही ना, हे खाटेवरच कळतं. आणखी एक फसगत असते. जुन्या किडन्या सहसा काढत नाहीत. आधी दिवसाला अर्धा लिटर लघवी होणाऱ्या पेशंटच्या पिशवीत दिसणारी लघवी नक्की कोणाची, हे पिशवी सांगत नाही. शिवाय झोपलेल्या किडनीआड रिजेक्शन, म्हणजे शरीराने परकी किडनी नाकारणं, लपलेलं असू शकतं. म्हणून आठवड्याभरात किडनी हलली नाही तर तिचा छोटा तुकडा काढून तपासतात, म्हणजे बायोप्सी करतात. टॅक्रोलिमससारखं रिजेक्शन रोखणारं औषध किडनीच्या रक्तवाहिन्या आवळतं, त्यामुळे ते उशिरा किंवा जपून देतात. डायलिसिसमध्येही रक्तदाब पडू नये याची काळजी घ्यायची, नाहीतर सावरत असलेल्या नलिकांना पुन्हा मार बसतो.

डीजीएफची व्याख्या मात्र जरा ढिलीच आहे. पोटॅशियम वाढलं म्हणून एकदाच डायलिसिस दिलं तरी शिक्का बसतो, आणि ते द्यायचं की आणखी एक दिवस थांबायचं हे डॉक्टरागणिक बदलतं. तरीही संशोधकांनी याच मोजमापावर काही ठोस उत्तरं काढली आहेत. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या चाचणीत ३३६ दात्यांची प्रत्येकी एक किडनी बर्फात, तर दुसरी थंड द्रावण फिरवणाऱ्या पंपावर ठेवली होती. बर्फातल्या ८९ किडन्यांना उशीर झाला, पंपावरच्या ७० किडन्यांना. अमेरिकेत २०१५ साली मेंदूमृत दात्याचं शरीर ३४-३५ अंशांपर्यंत थंड ठेवून पाहिलं. उशिराचं प्रमाण ३९ टक्क्यांवरून २८ वर आलं. सर्वांत स्वस्त उपाय २०२३ साली ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधून आला. तिथे शिरेतून द्यायची नेहमीची सलाइन बदलून रक्ताशी मिळतंजुळतं, कमी क्लोराइडचं द्रावण दिलं. सलाइनवाल्यांत ४० टक्क्यांना डायलिसिस लागलं, दुसऱ्या गटात ३० टक्क्यांना. लाखो रुपयांच्या ऑपरेशनमध्ये फक्त बाटली बदलायची!

किडनी जागी होत असल्याची खूण आधी कागदावर दिसते. किडनीने गाळून टाकायचं क्रिएटिनिन डायलिसिसही रक्तातून धुऊन काढतं, त्यामुळे उतरलेल्या आकड्याला लगेच भुलायचं नसतं. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत तो पूर्वीसारखा चढला नाही, की डॉक्टर पुढचं डायलिसिस पुढे ढकलतात. मग कधी लघवीचा लोंढा येतो, दिवसाला काही लिटर, कारण गाळणी सुरू झालेली असते, पण नलिका पाणी परत ओढायला अजून शिकलेल्या नसतात. वर्षानुवर्षं अर्ध्या ग्लासाच्या हिशेबाने तहान मारलेल्या माणसाला सिस्टर आता बजावतात, ‘काका, पाणी प्या, अजून प्या.’ त्याच्या घशाखाली ते सुरुवातीला उतरत नाही. घरी जाताना हातात तारखांचा कागद असतो : क्रिएटिनिन आणि टॅक्रोलिमसची पातळी कधी तपासायची, मूत्रवाहिनीत तात्पुरती ठेवलेली नळी, म्हणजे डीजे स्टेंट, काढायला कधी यायचं. डायलिसिससाठी धमनी-शीर जोडून केलेल्या फिस्चुलाच्या हातावर बीपी मोजू द्यायचं नाही, त्या हातातून रक्तही काढू द्यायचं नाही, ही सूचनाही त्यात कायम असते.