मराठी अभिमानगीत

मराठी अभिमानगीत हे सुरेश भट यांच्या मराठी भाषेवरील कवितेचे संगीतकार कौशल इनामदार यांनी स्वरबद्ध केलेले ध्वनिमुद्रित गीत आहे. २७ फेब्रुवारी २०१० रोजी, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जयंतीदिनी साजऱ्या होणाऱ्या मराठी भाषा दिनी, ते प्रकाशित झाले. शंभराहून अधिक नामवंत गायक व तीनशेहून अधिक समूहगायक त्यात सहभागी आहेत. भटांचे निधन १४ मार्च २००३ रोजी नागपूर येथे झाले असल्याने कवीला हे रूप ऐकता आले नाही.

कवी आणि वऱ्हाड

सुरेश भट यांचा जन्म १५ एप्रिल १९३२ रोजी अमरावती येथे झाला. ‘रूपगंधा’, ‘रंग माझा वेगळा’, ‘एल्गार’, ‘झंझावात’ आणि ‘सप्तरंग’ हे त्यांचे काव्यसंग्रह होत. मराठी गझलेला त्यांनी शिस्त दिली, हे सर्वमान्य आहे. ज्या वऱ्हाडात ते वाढले तो प्रदेश १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला आणि पुढे हिंदी व मराठी अशा दोन्ही भाषांच्या मध्य प्रांतास जोडला गेला. मराठी भाषकांच्या एकत्र प्रांताचा प्रश्न येथे दीर्घकाळ जिवंत होता. ८ ऑगस्ट १९४७ चा अकोला करार त्याच प्रश्नावर झाला. तेव्हा भट पंधरा वर्षांचे होते. पुढे १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. कवितेत यातील कशाचाही उल्लेख नाही. तरीही लीळाचरित्राच्या परंपरेशी जोडलेले रिद्धपूर ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील कवीने भाषेची ही कविता लिहिली, ही गोष्ट अभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

रचना

कविता चार-चार ओळींच्या कडव्यांची असून प्रत्येक ओळ ‘मराठी’ या शब्दावर संपते. गझलेतील रदीफेसारखी ही योजना असली तरी ही गझल नव्हे. गझलेतील शेर स्वतंत्र असतात, येथे एकच विषय वाढत जातो. त्याची वाढ क्रियापदांतून दिसते. पहिल्या कडव्यात कर्ता ‘आम्ही’ आहे आणि मराठी हे कर्म आहे. दुसऱ्या कडव्यापासून मराठी स्वतःच कर्ता होते: ती मनात दंगते, लेकरांत रांगते, खेळते, वाढते. भाषेचा अभिमान बाळगणारा माणूस मागे सरकतो आणि भाषाच वावरू लागते. व्याकरणाचा हा छोटा पालट कवितेचा कणा आहे.

ओळीत चौदा अक्षरे आहेत. गुरू-लघू अशा सहा जोड्या आणि अखेरीस दोन गुरू मिळून बावीस मात्रा होतात. तीन-तीन मात्रांच्या या पावलांमुळे ओळ सहज पाठ होते व समूहाला एकसुरात म्हणता येते. पहिल्या ओळीतील ‘अम्हास’ हा शब्द पुष्कळ ठिकाणी ‘आम्हास’ असा छापला जातो. त्या जागी लघू अक्षर हवे असल्याने वृत्त तेथे अडखळते. शाळांच्या फलकांवरही ही चूक आढळते.

संगीत

मुंबईतील एका खाजगी नभोवाणी केंद्रावर मराठी गाणी वाजवली जात नाहीत, हे लक्षात आल्यावर इनामदार यांनी हा प्रकल्प हाती घेतला आणि त्यासाठी लोकांकडून वर्गणी गोळा केली.

भटांची कविता गाण्यात येण्याची ही पहिली वेळ नव्हती. भट स्वतः मंचावर वाद्यांविना, एकट्या आवाजात आपल्या रचना गाऊन सादर करीत. हृदयनाथ मंगेशकर यांनी त्या कविता भावगीतात व चित्रपटात आणल्या. ‘सिंहासन’ (१९७९) आणि ‘उंबरठा’ (१९८२) ही त्याची परिचित उदाहरणे होत. तेथे बहुधा एकच गायिका असे आणि वाद्ये तिच्या मागे राहत. अभिमानगीतात हे प्रमाण उलटले आहे. भव्य वाद्यमेळ आणि शेकडो गळे यांत एकेका गायकाच्या वाट्याला जेमतेम एखादी ओळ येते. शास्त्रीय गायक, चित्रपटगायक आणि तरुण पॉप गायक एकाच कडव्यात भेटतात. कवितेचा एकांत यात हरवतो, हा आक्षेप रास्त आहे. मात्र ‘आम्ही’ने सुरू होणाऱ्या कवितेला अनेक आवाज शोभतात, हेही खरे.

शेवटचे कडवे

स्तुतीने भरलेल्या कवितेचा सूर सातव्या कडव्यात बदलतो. असंख्य पाहुण्यांना पोसणारी ही भाषा स्वतःच्या घरात मात्र हाल सोसते, असे कवी म्हणतो आणि तिच्या हातून सत्तेचे उन्मत्त आसन फुटेल असा इशारा देऊन थांबतो. मागची सहा कडवी ज्या अभिमानाने भरली आहेत, त्याचा हिशेब येथे मागितला जातो.

२७ फेब्रुवारी २०१८ रोजी विधान भवनात हे गीत गायले गेले, तेव्हा हे कडवे त्यात नव्हते. विरोधी पक्षांनी सभागृहात त्याचा जाब विचारला व त्यावरून वाद झाला. शाळा-महाविद्यालयांच्या समारंभांतही वेळेअभावी दोन-तीन कडवी म्हणून गाणे आवरते घेतले जाते. अशा वेळी बहुधा सातवेच कडवे गळते आणि ऐकणाऱ्याच्या मनात कविता केवळ गौरवगीत म्हणून उरते.