पावणेनऊ टनांची तातडी

विमान कंपनीत ‘एओजी’ ही तीन अक्षरं ऐकू आली की रात्री-अपरात्री फोन खणाणू लागतात. विमान जमिनीवर अडकलंय, सुटा भाग पोहोचेपर्यंत हलणार नाही, असा त्याचा अर्थ. बहुतेकदा तो भाग खोक्यात मावतो. फेब्रुवारी 2017 मध्ये मात्र अख्खं इंजिनच हवं होतं, आणि तेही इकालुइटला.

झुरिकहून लॉस एंजेलिसला निघालेल्या ‘स्विस’च्या बोइंग 777 चं एक इंजिन वाटेत बंद पडलं आणि वैमानिकांनी कॅनडाच्या उत्तरेतलं हे छोटं शहर गाठलं. दुसरं विमान पाठवून प्रवाशांना हलवलं. बातमी तिथे संपते, पण खरी कसोटी त्यानंतरची. इकालुइटला बाहेरून येणारा रस्ताच नाही. जहाजं येतात ती उन्हाळ्यात, खाडीतलं बर्फ वितळल्यावर. या 777 च्या जीई-90 इंजिनाचा पंखा सव्वातीन मीटर व्यासाचा. मालवाहू जम्बोच्या बाजूच्या दारातून इंजिन सबंध जात नाही, पंखा सुटा करावा लागतो. तो बर्फात पुन्हा जोडायचा कुणी? म्हणून झुरिकहून ते अँटोनोव्ह-124 मधून आणलं. हे विमान नाक वर उचलतं, गुडघे टेकल्यासारखं पुढून खाली बसतं आणि पोटातल्या स्वतःच्या क्रेननं माल हलवतं.

पावणेनऊ टनांचं हे धूड प्रवासात मात्र फार नाजूक. फिरत नसलेल्या इंजिनाला बारीक हादरे बसत राहिले, तर बेअरिंगमध्ये एकाच जागी खळगे पडतात. म्हणून ते हादरे शोषणाऱ्या घोडीवर ठेवून नेतात.

आणि थंडी! फेब्रुवारीत इथलं सरासरी तापमान उणे 25 च्याही खाली. तेल घट्ट होतं, उघडं लोखंड कातडीला चिकटतं. जाड हातमोजे घातले तर बोटांना नट लागत नाही, काढले तर बोटंच बधिर होतात. तरीही प्रत्येक बोल्ट ठरलेल्या मापानंच आवळायचा. तापवलेल्या तंबूत हे काम करणाऱ्या मेकॅनिकांबद्दल मला अतोनात आदर वाटतो.

 

इंजिन बसलं तरी लगेच उड्डाण नसतं. आधी ते जागेवरच चालवून बघतात. मग ते बंद करून झाकणं उघडायची आणि टॉर्च घेऊन एकेक जोड तपासायचा, कुठे तेल पाझरतंय का ते पाहायला.