हिरव्या पानातला लाल उजेड

आषाढात चिखली-मेहकर रस्त्याने जाताना सोयाबीनची वावरं एकसारखी हिरवी दिसतात. पान पिवळं पडलं की मगच माणूस धुऱ्यावर थांबतो. पण पानातलं काम त्याच्या बरंच आधी अडलेलं असू शकतं.

पानाने घेतलेल्या उजेडाला तीन वाटा असतात. काही साखर बनवण्याकडे जातो, काही उष्णता होऊन निघून जातो आणि एक-दोन टक्के लाल उजेड होऊन बाहेर पडतो. सूर्यप्रकाशात तो डोळ्याला कळत नाही. पालक वाटून स्पिरिटमध्ये भिजवा, गाळून घ्या आणि अंधारात नोटा तपासायची जांभळी टॉर्च मारा. हिरवं पाणी लालभडक दिसतं, कारण बाटलीतल्या हरितद्रव्याला साखरेची वाटच उरलेली नसते.

जर्मनीच्या हान्स काउट्स्की आणि हिर्श यांनी 1931 साली अंधारातून काढलेल्या पानावर प्रकाश टाकला. लाली झपकन वाढली आणि मग हळूहळू ओसरली. आजची मोजणी याच चढ-उतारावर उभी आहे. रोपाची कुंडी आधी वीस-तीस मिनिटं अंधारात ठेवतात. मग अगदी मंद निळ्या प्रकाशात कॅमेऱ्याने लालीचं पहिलं चित्र घेतात. पाठोपाठ सेकंदभरही न टिकणारा प्रखर झोत टाकून दुसरं घेतात. दोन्हींतला फरक भागिले दुसरं, हे झालं माप. निरोगी पानात ते 0.83च्या आसपास येतं. कॅमेरा ते ठिपक्या-ठिपक्याला काढतो, म्हणून पानाचा नकाशाच समोर येतो.

या नकाशाचा उपयोग कळतो तो तणनाशकाच्या बाबतीत. मक्यात अ‍ॅट्राझीन मारतात. मका ते पचवतो, शेजारच्या सोयाबीनला ते जमत नाही. वाऱ्याने उडालेला फवारा पानात शिरला की उजेडाची ऊर्जा पुढे नेणारी साखळी तुटते. अशा पानाला मंद प्रकाशात ठेवून अधूनमधून झोत दिला, तर औषध जिथे शिरलं तिथे लाली वाढते आणि उजेडात तसंच काढलेलं, पानाच्या चालू कामाचं माप शून्याकडे घसरतं. पडद्यावर डाग उमटतात, टेबलावरचं पान मात्र अजून हिरवंगार असतं. कॅमेऱ्याला जे काही तासांत दिसतं, ते डोळ्याला कळायला दिवस लागतात.

पण पावसाने ओढ दिली की हेच यंत्र फसवं ठरतं. तहानलेलं पान आधी आपली रंध्रं मिटतं. साखर बनणं कमी होतं, तरी अंधारातून काढलेल्या पानाचं माप बराच काळ ठीकच राहतं. तिथे माती उकरून ओल बघणाराच आधी ओळखतो.

आणि डाग दिसले तरी कारण चित्रात लिहिलेलं नसतं. शेजारच्या मक्यात काय मारलं, त्या दिवशी वारा कुठून होता, हे वावरात जाऊन विचारल्याशिवाय निदान पुरं होत नाही.