शेगडी-बंबाची सफाई आणि राखेची सुरक्षित विल्हेवाट



दिवाळी सरली, माळशेजच्या बाजूने गार वारं यायला लागलं. ओतूर, उदापूर, डिंगोरे, रोहोकडी, सगळीकडे वस्त्यांवर पहाटे न्हाणीपाशी बंब पेटू लागलेत. यंदा काही सभासदांनी कंपनीच्या दुकानातून पेलेट नेली. कुणी शेगडीसाठी, कुणी बंबात घालायला. पेटवायची कशी हे सगळ्यांनी विचारलं. राख कुठे टाकायची हे एकानेही विचारलं नाही. म्हणून हा मेसेज. लांब आहे, पण पूर्ण वाचा आणि घरात जी राख काढते तिला वाचून दाखवा. मोबाईल आपल्या खिशात आणि राखेची सुपली तिच्या हातात, असं बहुतेक घरांत आहे.

मागच्या थंडीत आपल्या एका सभासदाची वर्षाची वैरण गेली. आदल्या दिवशी पहाटे बंब पेटला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी खालची राख काढली. हाताला कोमट लागली, म्हणून नेहमीप्रमाणे गोठ्यामागच्या उकिरड्यावर टाकली. दुपारी वारं उठलं. बाजरीच्या सरमडाची गंजी उकिरड्यापासून सात-आठ पावलांवर होती. शेजाऱ्याने पळत येऊन गायांची दावी कापली म्हणून जनावरं वाचली. बंब पेटल्याला तोवर तीस तास उलटून गेले होते. "राख तर गार होती," असं ते अजून म्हणतात. खोटं नाही ते. वरून गारच होती.

आता जरा जुन्या आठवणी काढा. काडेपेटी जपून वापरायच्या काळात आपल्या आज्या रात्री चूल आवरताना काय करायच्या? दोन चांगले निखारे बाजूला घेऊन राखेत पुरायच्या. पहाटे राख उकरली की निखारा लालबुंद. त्यावर गोवरीचा चुरा टाकून फुंकणीने फुंकलं की चूल पेटली. शेजारीण गोवरीवर विस्तव न्यायला यायची तीही तिथेच. राखेतून ऊब लवकर बाहेर जात नाही आणि आत हवा अगदी थोडी पोचते. त्यामुळे निखारा विझतही नाही आणि भडकतही नाही, मंद जळत राहतो. दोन-तीन दिवससुद्धा राहू शकतो. आज्यांना हे ठाऊक होतं म्हणून त्या राखेला विस्तवच समजायच्या. आपण राखेला कचरा समजतो. उकिरड्यावर फेकली की ढीग फुटतो, निखारा उघडा पडतो, त्याला वारं लागतं आणि शेजारी सुकं शेण, भुसकट, पाचट तयारच असतं.

पेलेटच्या राखेत हा धोका थोडा जास्तच आहे. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा, उसाचं चिपाड, शेंगांची टरफलं, असला माल दाबून केलेल्या बोटाएवढ्या कांड्या. दाबलेला माल घट्ट असतो, त्यामुळे त्याचा निखारा काटक्यांच्या निखाऱ्यापेक्षा जास्त वेळ टिकतो. त्यात आपल्या बंबाची जाळी केलेली असते लाकडासाठी आणि मक्याच्या बुरकुंडांसाठी. तिची भोकं मोठी. अर्धवट जळालेल्या कांड्या त्यातून खाली राखेत पडतात आणि वरून करड्या दिसतात. बंबात पेलेट घालायचीच असतील तर आधी जाळीवर बुरकुंडांचा किंवा जाड लाकडांचा थर द्या आणि वरून थोडी थोडी सोडा. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून बारीक भोकांची लोखंडी जाळी करून घेतली तर अजून बरं.

राखेसाठी काय लागतं? पत्र्याचे दोन डबे. पंधरा किलो तेलाचा रिकामा डबा चालेल, पण त्याला घट्ट बसणारं पत्र्याचं झाकण हवं. दुधाची जुनी स्टीलची किटली असेल तर उत्तमच, झाकण आपसूक मिळतं. प्लॅस्टिकची बादली नको, खताची गोणी नको, खोकं तर मुळीच नको. गोणीत भरून पडवीत ठेवलेली राख रात्रीतून गोणी जाळते आणि मग पडवी. डबा जमिनीपासून उचललेला, दोन विटांवर किंवा फरशीवर ठेवा. घराबाहेर उघड्यावर, भिंतीपासून दहा फूट तरी लांब. गंजी, कांद्याची चाळ, गोठा, उसाचं पाचट, मल्चिंगचे रोल यांच्यापासून त्याहून दुप्पट.

आठवडाभर एकाच डब्यात राख टाकायची. टाकली की झाकण लगेच बसवायचं, हवा तुटली की निखारा घुसमटतो. आठवडा झाला की तो डबा बाजूला ठेवायचा आणि दुसरा सुरू करायचा. दुसरा भरेस्तोवर पहिल्यातली सगळ्यात ताजी राखसुद्धा सात दिवसांची झालेली असते. मग ती खुशाल बाहेर काढा. तरी काढण्याआधी उलथण्याने खालीवर करून बघा, ऊब लागली तर परत झाकण. एकच डबा असेल तर शेवटची राख टाकल्यावर निदान चार दिवस तो उघडायचा नाही. हाताने चाचपून ठरवू नका. वरच्या सभासदांनीही चाचपूनच बघितलं होतं.

"ओढ्याकाठी नेऊन टाकतो की" असं काही जण म्हणतील. आपल्याकडची अडचण सगळ्यांना माहीत आहे. अंधारात उसाच्या कडेला जायचं तर बिबट्याची भीती, म्हणून पहाटेची राख दारातच पडते. जीव मोठाच, तसं जायला आम्हीही सांगणार नाही. पण मग दारात डबा असणं जास्तच गरजेचं आहे. डबा दारात भरा, रिकामा करायचा तो भर दिवसा, वारं पडलेलं असताना.

गरम राखेवर भसकन पाणी ओतू नका. वाफेबरोबर राख आणि ठिणग्या तोंडावर येतात. शिवाय राखेचं पाणी तिखट असतं, पूर्वी त्याने कपडे धुवायचे ते उगाच नाही. हाताची सालं निघतात आणि डोळ्यात गेलं तर इजा होते. डोळ्यात राख गेली तर चोळू नका, साध्या पाण्याची धार पंधरा मिनिटं सोडा आणि दवाखान्यात जा. गार झालेली राख बाहेर टाकताना मात्र वरून पाणी शिंपडा, म्हणजे उडत नाही. नाकाला फडकं बांधा.

आता शेगडीची सफाई. पंख्याची पेलेट शेगडी पुणे जिल्ह्याला नवीन नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या तंत्रज्ञानावर बीपी कंपनीने २००६ साली 'ऊर्जा' नावाची शेगडी आणली. २००९ मध्ये तो व्यवसाय पुण्याच्या फर्स्ट एनर्जीकडे गेला. पेलेटचे भाव चढले, गॅस मिळू लागला, आणि घरगुती शेगड्या माळ्यावर गेल्या. त्यातली एखादी तुम्ही आता खाली काढली असेल तर आधी पंखा आणि बॅटरी तपासून घ्या.

या शेगडीत पंख्याची हवा दोन ठिकाणी जाते. थोडी खालून पेलेटमध्ये, त्याने पेलेट तापून धूर निघतो. बाकीची वरच्या बारीक भोकांतून, त्या हवेवर तो धूर जळून जातो. म्हणजे भोकं मोकळी तर शेगडी बिनधुराची. भोकं बुजली की जाळ पिवळा आणि लांब होतो, पातेल्याचं बूड काळं पडतं, डोळे चुरचुरतात. अशा वेळी लोक पेलेटला नावं ठेवतात. आधी भोकं बघा.

चुलीत बोटभर राख राहिली तरी बिघडत नाही, उलट बरीच असते. या शेगडीत तसं चालत नाही, खालून हवा यायची असते. म्हणून दर वेळी पेटवण्याआधी मागची सगळी राख काढायची. आठवड्यातून एकदा शेगडी पूर्ण गार असताना खराट्याच्या काडीने किंवा बारीक तारेने एकेक भोक मोकळं करा. आतून कोरड्या कुंच्याने झाडा. पंख्याच्या पात्यांवर धूळ बसते, ती पिना काढून मऊ ब्रशने काढा. पाणी लावायचं नाही, ना पंख्याला, ना आतल्या भाजणीच्या अस्तराला. ओलं अस्तर तापलं की तडकतं. आणि जाळ संपला तरी आत निखारे असेपर्यंत पंखा बंद करू नका, नाहीतर ऊब आणि धूर खाली उतरून पंखाच जातो.

राख किती पडणार हे मालावर आहे. चांगल्या लाकडी भुशाची राख शेकडा एक-दोनच पडते. शेती मालाच्या पेलेटची त्याहून बरीच जास्त, आणि भाताच्या तुसाची तर शेकडा पंधरा ते वीस. म्हणजे किलोभर तूस जाळलं की दीडशे ते दोनशे ग्रॅम राख. माल बदलला की सफाईचं वेळापत्रकही बदला. कधी राखेत काचेसारखे कडक गोळे सापडतात, वीटभट्टीच्या खंगरासारखे. पिकांच्या अवशेषांतलं पालाश आणि त्यात आलेली माती-वाळू मोठ्या आचेवर वितळून ते बनतात. जाळीला चिकटले तर गार झाल्यावर ठोकून काढा. वरचेवर सापडू लागले तर त्या पोत्यातली मूठभर पेलेट दुकानात आणून दाखवा. पेलेट पत्र्याच्या पिंपात, झाकून ठेवा. कांडी कटकन तुटली पाहिजे. वाकून चुरा झाली तर ओल लागलीय, ती धूरच करणार.

बंबाचं थोडक्यात. मधल्या नळीत काजळी बसली की पाणी उशिरा तापतं आणि सरपण जास्त लागतं. गजाला काथ्या गुंडाळून पंधरा दिवसांतून एकदा नळी वरून खाली घासा. बोअरचं जड पाणी असेल तर आतून क्षारांचा थर बसतो, त्यानेही तेच होतं. पेटवण्याआधी पाणी भरलंय का बघा. रिकाम्या बंबाला जाळ लागला तर झाळ सुटते आणि बंब गळायला लागतो.

एक गोष्ट कृपा करून ऐका. थंडी आहे म्हणून निखाऱ्याचं घमेलं, पेटती शेगडी किंवा राखेचा डबा बंद खोलीत घेऊन झोपू नका. बंब बंद न्हाणीघरात पेटवू नका. धुमसत्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, आणि झोपेत माणूस उठतच नाही. असं कुणाला झालं तर पहिल्यांदा उघड्या हवेत आणा, मग १०८ ला फोन करा.

पेटवण्याच्या सामानाबद्दलही बोलायला हवं. ठिबकच्या नळीचे तुकडे, मल्चिंग पेपर, दुधाच्या पिशव्या, औषधांची खोकी यांनी आग झटकन लागते हे खरं. पण तो धूर घरातच जातो आणि ती राख भांड्याला लावायच्या किंवा वाफ्यात टाकायच्या लायकीची राहत नाही. रंग दिलेल्या लाकडाचंही तेच. बुरकुंडाचा तुकडा किंवा सुकी करवंटी वापरा.

स्वच्छ राखेचा उपयोग आहे. तिच्यात पालाश असतं, चुना असतो, नत्र मात्र नसतं. पण राख विम्लधर्मी असते आणि ओतूर भागातल्या काळ्या, चुनखडीच्या रानांचा सामू मुळातच चढा असतो. माती परीक्षणाच्या कागदावर सामू आठच्या वर असेल तर त्या रानात राख नको. बाकीच्यांनी वर्षाला गुंठ्याला पाच किलोच्या आत, सगळीकडे पसरून टाकावी, एका जागी ढीग नको. मढ-खिरेश्वरकडच्या भातखाचरांत, जिथे जमीन आंबट आहे, तिथे ती जास्त कामाची. युरिया, अमोनियम सल्फेट किंवा डीएपीमध्ये राख मिसळू नका, नत्र अमोनिया होऊन उडून जातं. ताज्या शेणखतातही पातळ थरच द्या. कडधान्याच्या बियाण्याला लावायची राख चाळलेली आणि दुसऱ्या डब्यातली, म्हणजे आठवडा उलटलेली असावी.

गंजीने पेट घेतलाच तर आधी जनावरं सोडा, मग १०१ किंवा ११२ ला फोन. गाडी येईपर्यंत पेटलेल्या गंजीवर तांब्या-बादलीने पाणी मारण्यात वेळ जातो. शेजारची गंजी, चाळ आणि गोठ्याचं छप्पर आधी भिजवा. मोटार चालू असेल तर पाइप तिकडे वळवा. लहान आगीवर घमेलंभर माती पाण्याइतकीच चालते. भाजलं तर वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नका.

ज्यांच्याकडे झाकणाचे डबे नाहीत त्यांनी कार्यालयात नाव नोंदवा, एकत्र मागवले तर स्वस्त पडतील. तोवर निदान उकिरडा आणि गंजी यांच्यातलं अंतर आज संध्याकाळी पावलांनी मोजा आणि ग्रुपवर टाका.

पुढच्या मेसेजमध्ये रांगड्या कांद्यावरचा फुलकिडा.